आधी कुठे, मग कुठे

ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या राष्ट्रीय लीगमध्ये दर वर्षी नोव्हेंबरात ड्राफ्ट होतो. देशभरातली अठरा वर्षांची होतकरू मुले एका यादीत असतात आणि क्लब पाळीपाळीने त्यांतून एकेकाला उचलतात. गेल्या हंगामात तळाला राहिलेल्या क्लबाची पाळी सर्वांत आधी. मुलाला क्लब निवडता येत नाही आणि शहरही निवडता येत नाही. तो कोणत्या जागेवर खेळणार हे तर त्याला कोणी विचारतही नाही, कारण ते सगळ्यांनी आधीच ठरवलेले असते. वर्षभर त्याच्या मागे फिरलेल्या निवडकर्त्यांच्या टिपणांत उंची, वजन, वीस मीटरची धाव, उडी आणि दोन किलोमीटरला लागलेला वेळ यांच्यासोबत एक शब्द ठळक लिहिलेला असतो: आघाडी, मधली फळी किंवा बचाव.

२०१४ सालचा ड्राफ्ट या टिपणांची परीक्षा घ्यायला फार सोयीचा आहे. पहिल्या क्रमांकावर सेंट किल्डाने पॅडी मॅकार्टिनला घेतले, उंचापुरा आघाडीपटू म्हणून. दुसरा क्रिश्चन पेट्राका आणि तिसरा अँगस ब्रेशॉ, दोघेही मेलबर्नकडे. अठराव्या क्रमांकावर सिडनी स्वान्सने आपल्याच अकादमीत वाढलेला आयझॅक हीनी उचलला. पुढे काय झाले? मॅकार्टिनची कारकीर्द संपली ती बचावपटू म्हणून, तीही दुसऱ्याच क्लबात. पेट्राका सुरुवातीची वर्षे मुख्यतः आघाडीत खेळला आणि मग मधल्या फळीत जाऊन देशातल्या अव्वल खेळाडूंत मोजला जाऊ लागला. ब्रेशॉ उलट दिशेने गेला. मधल्या फळीत खेळून २०१८ मध्ये लीगच्या सर्वोत्तम खेळाडूसाठीच्या ब्राउनलो पदकाच्या मतदानात तो तिसरा आला आणि नंतर त्याच क्लबाने त्याला विंगवर, म्हणजे मैदानाच्या कडेला, आणि हाफ-बॅकला, म्हणजे बचावाच्या पुढच्या रांगेत, हलवले. हीनीने नऊ हंगाम मुख्यतः आघाडीत काढले आणि दहाव्यात मधल्या फळीत पाय ठेवताच लोक विचारू लागले, की हा इतकी वर्षे होता कुठे.

चारांपैकी चारांच्या बाबतीत ठळक शब्द बदलावा लागला. निवडकर्त्यांना अक्कल नव्हती असा याचा अर्थ मी लावत नाही. ती मंडळी आपल्या कामात तरबेज असतात. माझा आक्षेप प्रश्नालाच आहे. ‘या मुलाची सर्वोत्तम जागा कोणती?’ असे विचारले की जागा त्या मुलाच्या अंगात जन्मतः दडलेली असून कोणीतरी ती शोधून काढायची आहे असे गृहीत धरले जाते. प्रत्यक्षात जागा ठरते ती क्लबाच्या त्या वर्षीच्या गरजेतून, मुलाच्या शरीराच्या वयातून आणि कोणाच्या दुखापतीमुळे कोणता कोपरा रिकामा झाला यातून. विचारायचेच असेल तर क्रम विचारावा. आधी कुठे, मग कुठे, आणि आधीच्या जागेने पुढच्या जागेसाठी त्याला काय शिकवले?

हे पटायला खेळाची थोडी ओळख हवी. ज्या मैदानांची नावे आपल्याला क्रिकेटमुळे पाठ आहेत, मेलबर्नचे एमसीजी, सिडनीचे एससीजी, अॅडलेड ओव्हल, ब्रिस्बेनचे गॅबा, तीच या खेळाची मैदाने. यात योगायोग नाही. १८५८ च्या जुलैत टॉम विल्स या नावाजलेल्या क्रिकेटपटूने एका साप्ताहिकाला पत्र लिहून सुचवले, की हिवाळ्यात क्रिकेटपटूंचे अंग सुस्तावू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्या वर्षीच्या मे महिन्यात मेलबर्नमध्ये पहिले नियम लिहिले गेले. क्रिकेटचे मैदान आयतेच मिळाल्याने खेळ अंडाकृती जागेत वाढला आणि तिथेच राहिला. एका बाजूला अठरा खेळाडू, चेंडू लांबट, त्याचा टप्पा कुठे पडेल याचा नेम नाही. चार खांबांपैकी मधल्या दोघांतून लाथेने मारलेला चेंडू गेला तर सहा गुण, बाजूच्या फटीतून गेला तर एक. लाथेने मारलेला, किमान पंधरा मीटर आलेला चेंडू अधर झेलला की तो ‘मार्क’. मग झेलणाऱ्याला कोणी हात लावायचा नाही, त्याने निवांत मारावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ऑफसाइड नाही. कोणीही कुठेही जाऊ शकतो, त्यामुळे मार कुठूनही येऊ शकतो.

अशा खेळात जागा म्हणजे मैदानाचा तुकडा एवढाच अर्थ उरत नाही. जागेगणिक खेळ दिसण्याची दिशा बदलते, आणि माझ्या मते मुलाच्या घडणीत हीच गोष्ट सर्वांत मोलाची असते.

बचावपटूच्या समोर सगळा खेळ पसरलेला असतो. चेंडू त्याच्याकडे येतो तेव्हा तो कोणी मारला, कोणत्या पायाने मारला, कोण मोकळा सुटला, हे त्याला दिसत असते. विशेषतः हाफ-बॅकच्या कडेला उभ्या असलेल्या मुलाच्या वाट्याला चेंडू बऱ्याचदा सवडीने येतो. मान वर करायला, माणूस हेरायला आणि मग लाथ मारायला त्याच्याकडे एखादा क्षण जास्त असतो. मधल्या फळीत ही चैन नाही. तिथे चेंडू जमिनीवर लोळत असतो, चारही बाजूंनी माणसे अंगावर येतात, आणि सामन्याभरात बारा-तेरा किलोमीटर पळायचे ते असे धक्के खात. आघाडीपटूची कथा तिसरीच. त्याने दुसऱ्याने वाढलेल्या ताटावर बसायचे असते. मधल्या फळीने चेंडू नीट पाठवला तर त्याचे कसब दिसणार. नाही पाठवला तर तो तासभर उगाच इकडून तिकडे पळालेला दिसणार आणि सोमवारच्या वर्तमानपत्रात त्याचा आत्मविश्वास हरवला म्हणून लेख येणार. उंच आघाडीपटू पिकायला इतरांपेक्षा जास्त वर्षे लागतात, हे त्या लीगमध्ये सगळेच बोलतात. जेसी होगन २०१५ चा सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरला होता. लीगमध्ये सर्वाधिक गोलांसाठीचे कोलमन पदक त्याला मिळाले ते २०२४ मध्ये, तिसऱ्या क्लबाकडून खेळताना.

आता हीनीकडे वळतो, कारण त्याची गोष्ट वरवर पाहता माझ्याविरुद्ध जाते.

तो न्यूकॅसलजवळच्या कार्डिफचा. न्यू साउथ वेल्सचा हा भाग रग्बी लीगवाल्यांचा. मेलबर्नमध्ये पोर चालायला लागले की हातात लांबट चेंडू येतो, तसे इथे नाही. अशा मुलखातून खेळाडू मिळावेत म्हणूनच सिडनी स्वान्सने २०१० मध्ये अकादमी सुरू केली आणि हीनी तिचे पहिले मोठे फळ. तेव्हाच्या नियमाने अकादमीच्या मुलासाठी क्लबाला आपली पुढची पाळी तेवढी खर्च करावी लागे, म्हणून पहिल्या पाच जणांत शोभला असता असा मुलगा सिडनीला अठराव्या क्रमांकावर मिळाला. इतर क्लबांचा जळफळाट झाला आणि पुढच्याच वर्षी लीगने गुणांची नवी पद्धत आणली. २०१५ च्या पहिल्याच फेरीत तो संघात होता. उडी विलक्षण, हात चिकट, दोन्ही बाजूंना वळण्याची चपळाई. अशा मुलाला आघाडीत ठेवले की पहिल्या दिवसापासून उपयोग होतो, आणि सिडनीने तेच केले.

सिडनीचे तेव्हाचे प्रशिक्षक जॉन लाँगमायर यांच्याविषयी इथे एक गोष्ट सांगायला हवी. ते स्वतः नॉर्थ मेलबर्नचे फुल-फॉरवर्ड, म्हणजे गोलासमोरचे आघाडीपटू, होते. १९९० मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, ९८ गोल करून ते लीगमध्ये अव्वल ठरले होते. गोल करू शकणाऱ्या पोराची किंमत त्यांना कोणी सांगायला नको होती. शिवाय हीनीच्या शरीराचाही विचार होता. २०१७ च्या सुरुवातीला त्याला ग्लँड्युलर फीव्हरने गाठले आणि तयारीचे आठवडे वाया गेले. २०२० मध्ये घोट्याला दुखापत होऊन हंगामच बुडाला. मधल्या फळीतली दमछाक अशा अंगाला झेपेल का ही शंका रास्त होती. तिथपर्यंत मी लाँगमायर यांच्या बाजूने आहे.

२०२१ पासूनची तीन वर्षे मात्र वेगळी मोजायला हवीत. तोवर हीनी पंचवीस वर्षांचा, भरल्या अंगाचा. दर उन्हाळ्यात, म्हणजे तिकडच्या डिसेंबर-जानेवारीत, यंदा हीनी मधल्या फळीत खेळणार अशा बातम्या यायच्या आणि मार्चमध्ये हंगाम सुरू झाला की तो पुन्हा गोलखांबांच्या जवळ दिसायचा. कारण उघड होते. मधल्या फळीत ल्यूक पार्कर होता, कॅलम मिल्स नुकताच तिथे स्थिरावला होता, चॅड वॉर्नर आणि एरल गुल्डन ही तरणी पोरे वर येत होती. तिथे गर्दी आणि आघाडीत टंचाई, कारण लान्स फ्रँकलिन थकत चालला होता आणि २०२३ च्या मध्यात त्याने बूट टांगलेच. म्हणजे हीनी आघाडीत राहिला तो तिथे सर्वोत्तम होता म्हणून राहिला असे म्हणता येत नाही. तिथे दुसरे कोणी नव्हते. २०२२ मध्ये त्याला आघाडीपटू म्हणून ऑल-ऑस्ट्रेलियन, म्हणजे लीगमधल्या त्या हंगामाच्या सर्वोत्तमांच्या, संघात जागा मिळाली आणि मग तर प्रश्नच मिटल्यासारखा झाला. चांगले चालले आहे ते कशाला मोडा? क्लबांच्या कारभारात हा युक्तिवाद फार चालतो आणि तरुण खेळाडूची वर्षे खातो, असे माझे स्पष्ट मत आहे.

मोडले ते दुखापतींनी. २०२४ च्या हंगामाआधी मिल्सचा खांदा निकामी, पार्करचा हात मोडलेला, नव्याने आणलेला टेलर अॅडम्स जायबंदी. मधली फळी ओस पडली म्हणून हीनी तिथे गेला. ज्या बदलाचे नंतर एवढे गोडवे गायले गेले त्यामागे कोणाचा दूरदृष्टीचा आराखडा नव्हता. दवाखान्यातली यादी लांबली एवढेच. सिडनी त्या वर्षी साखळीत पहिले आले आणि हीनी पुन्हा ऑल-ऑस्ट्रेलियन.

त्या सप्टेंबरातला वेस्टर्न सिडनीच्या जायंट्सविरुद्धचा बाद फेरीचा सामना मला त्याच्या साऱ्या कारकिर्दीतला सर्वांत बोलका वाटतो. तीन चतुर्थांश खेळ संपला तेव्हा सिडनी २१ गुणांनी मागे. शेवटच्या वीस-पंचवीस मिनिटांत हीनी मैदानाच्या मधोमध, चेंडू तेव्हा उसळवला जाई त्या जागी उभा. सिडनीचा उंचेला ग्रंडी उडी मारून चेंडू खाली ढकलतो, आणि हीनी त्याच्याकडे सरळ धावत नाही. तो आधी अर्धे पाऊल थांबतो, प्रतिस्पर्ध्याला पुढे जाऊ देतो आणि त्याच्या खांद्याआडून चेंडू घेतो. नंतर काही वेळाने हाच माणूस गोलाच्या तोंडाशी गर्दीवर झेपावून डोक्यावरून चेंडू झेलतो आणि गोल करतो. सिडनी सहा गुणांनी जिंकले. मधल्या फळीतल्या बहुतेक खेळाडूंना ती झेप जमत नाही; आणि नुसत्या आघाडीपटूला ते अर्धे पाऊल सुचत नाही. पाठीमागे बचावपटू चिकटलेला असताना अंगाने त्याला अडवून उभे राहायचे, तो कुठे कलतो ते न बघता ओळखायचे, हे नऊ वर्षे आघाडीत काढलेल्या माणसाच्या अंगवळणी पडलेले असते. ती विद्या त्याने मधोमध नेली.

इथे कोणी म्हणेल, की मग ती नऊ वर्षे वाया कुठे गेली, ती तर शाळाच झाली. हा आक्षेप मला अर्धाच मान्य आहे. चार-पाच वर्षांत जे शिकून होते त्यासाठी नऊ लागली तर उरलेल्या वर्षांना शिक्षण म्हणणे ही मागाहूनची सोय आहे. यश मिळाले की मागचा सगळा रस्ता शहाणपणाचा दिसू लागतो. पेट्राकाचा रस्ता पाहा. ड्राफ्ट झाल्यावर काही महिन्यांतच गुडघ्याचा लिगामेंट तुटला, २०१५ पूर्ण गेले, २०१६ मध्ये पदार्पण. आघाडीत त्याला तीन-चार वर्षे ठेवले, तेवढ्यात शरीर घडवले, आणि २०२० पर्यंत तो मधल्या फळीचा कणा झाला होता. २०२१ च्या अंतिम सामन्यात त्याने ३९ वेळा चेंडू हाताळून दोन गोल केले, सामन्यातला सर्वोत्तम ठरला, आणि मेलबर्न १९६४ नंतर पहिल्यांदा विजेते झाले. पेट्राका आणि हीनी एकाच वर्षीचे. एकाची शाळा वेळेत सुटली, दुसऱ्याची सुटली ती दुखापतींच्या कृपेने.

सिडनीला क्रमाचे महत्त्व कळत नव्हते असेही नाही. हीनीपाठोपाठ त्याच अकादमीतून आलेला मिल्स हा मूळचा मधल्या फळीतला, पण त्याला त्यांनी हाफ-बॅकला उभे केले. तिथून तो २०१६ चा सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू ठरला आणि २०२१ मध्ये मधल्या फळीत येऊन पुढे ऑल-ऑस्ट्रेलियन झाला. कॉलिंगवुडच्या निक डेकॉसच्या बाबतीत तर हा काळ आणखी आखूड झाला. २०२२ चा पहिला हंगाम मुख्यतः हाफ-बॅकला, उदयोन्मुख खेळाडूचा किताब, आणि पुढच्या वर्षी मधल्या फळीत खेळून विजेतेपद. अंतिम सामन्यात कॉलिंगवुडने ब्रिस्बेनला अवघ्या चार गुणांनी हरवले. एकोणीस वर्षांच्या मुलाला आधी सगळे मैदान समोरून बघू द्यायचे आणि मग गर्दीत सोडायचे, ही रीत मला सर्वांत शहाणी वाटते. अर्थात डेकॉसच्या वडिलांचे, पीटर डेकॉस यांचे, कसब रक्तात होते, हेही धरायला हवे.

क्रमच नसेल तर काय होते याचे उदाहरण मेलबर्नमध्येच आहे. २००८ च्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर घेतलेला जॅक वॉट्स. २००९ च्या जूनमध्ये, राणीच्या वाढदिवसाच्या सुट्टीला झालेल्या कॉलिंगवुडविरुद्धच्या पारंपरिक सामन्यात, एमसीजीवर हजारो लोकांसमोर त्याला उतरवले. तेव्हा तो अजून शाळेत शिकत होता. चेंडू हातात येताच कॉलिंगवुडच्या गड्यांनी त्याला घेरून आडवा केला, आणि ते दृश्य पुढे वर्षानुवर्षे दाखवले गेले. मेलबर्नमधल्या त्याच्या नऊ हंगामांत हंगामी धरून सहा प्रशिक्षक झाले. पहिल्याची गच्छंती झाली ती जीलाँगकडून १८६ गुणांनी हरल्यावर. वॉट्स कधी आघाडीत, कधी हाफ-बॅकला, कधी विंगवर. येणाऱ्या प्रत्येकाला त्याच्यात वेगळे काहीतरी दिसले. जागा बदलल्या याबद्दल माझी तक्रार नाही, पेट्राकाच्याही बदललेल्याच. पण वॉट्सची एक जागा दुसरीसाठी तयारी ठरली नाही. दर वेळी पाटी कोरी. २०१७ मध्ये त्याच सुट्टीच्या सामन्यात, त्याच मैदानावर, त्याने शेवटच्या मिनिटांत गोल करून कॉलिंगवुडला हरवले. त्याच वर्षाअखेरीस क्लबाने त्याला पोर्ट अॅडलेडला देऊन टाकले.

लोक वॉट्सला आळशी म्हणत, मऊ म्हणत. मला ते बोलणे नेहमी अन्यायाचे वाटत आले आहे. पहिल्या क्रमांकावर घेतल्याचा भार मुलाने वाहायचा आणि घेणाऱ्यांनी नाही, हा कुठला न्याय?

मॅकार्टिनची गोष्ट याहून दुःखद. त्याला लहानपणापासून मधुमेह. सेंट किल्डाकडे चार वर्षांत तो ३५ सामने खेळला आणि डोक्याला पुन्हापुन्हा मार बसत गेला. शेवटी क्लबाने त्याला मोकळे केले. दोन वर्षांच्या खंडानंतर तो सिडनीच्या दुय्यम संघात आला आणि २०२२ मध्ये मुख्य संघात, बचावफळीत, धाकट्या भावाशेजारी उभा राहिला. तो धाकटा, टॉम, हाही आघाडीपटू म्हणूनच घेतलेला! दोघे भाऊ त्या वर्षी अंतिम सामन्यापर्यंत गेले. २०२३ मध्ये पुन्हा डोक्याला मार बसला आणि पॅडीला थांबावे लागले. अँगस ब्रेशॉही २०२४ च्या सुरुवातीला याच कारणाने निवृत्त झाला. पॅडीला पहिल्यापासून बचावफळीत ठेवले असते तर तो वाचला असता, असे म्हणण्याचा मोह होतो, पण मी म्हणणार नाही. शेवटचा मार तिथेही बसलाच. एवढे मात्र दिसते, की चेंडू समोरून येताना पाहणारा पॅडी हा आघाडीतल्या पॅडीपेक्षा निराळा, निर्धास्त खेळाडू होता, आणि अठराव्या वर्षी त्याला तिकडे उभे करून पाहावे असे कोणाला वाटले नाही. पहिल्या क्रमांकाचा आघाडीपटू आणि बचावात? गहजब झाला असता.

या चर्चेला प्रतिष्ठेचीही एक बाजू आहे, जी फारशी बोलली जात नाही. ‘त्याला मधल्या फळीत खेळवा’ ही मागणी चाहत्यांकडून सतत येते आणि दर वेळी ती खेळाच्या हिताचीच असते असे नाही. ब्राउनलो पदक पंचांच्या मतांवर मिळते. प्रत्येक सामन्यानंतर पंच तीन, दोन आणि एक अशी मते देतात, आणि पंचांच्या डोळ्यांसमोर सतत वावरतात ते मधल्या फळीतले खेळाडू. १९८७ मध्ये टोनी लॉकेटला ते विभागून मिळाले, त्यानंतर एकाही फुल-फॉरवर्डला नाही. हीनी २०२४ मध्ये शर्यतीत आला तो मधल्या फळीत गेल्यावरच, आणि एका सामन्याच्या बंदीमुळे त्याला अपात्र ठरावे लागले. मान जिथे मोजला जातो तिकडे सगळ्यांच्या नजरा वळतात. मग सर्वोत्तम जागा म्हणजे सर्वांत दिसणारी जागा, असा घोळ होतो.

आणि त्याची किंमतही पडते. २०२४ चा अंतिम सामना सप्टेंबरच्या शेवटच्या शनिवारी झाला. तिकडची दुपार म्हणजे आपल्याकडची सकाळ, चहा-पोहे होईस्तोवर सामना हातचा गेलेला. ब्रिस्बेन १२०, सिडनी ६०. सिडनीचे सगळे मिळून नऊ गोल. आघाडीत झेलणारा माणूस नाही, हे ढळढळीत दिसत होते, आणि ज्याला झेलता येते तो मधोमध चेंडू उपसत होता. या एका सामन्यावरून हीनीला परत आघाडीत धाडा म्हणणारे पुष्कळ निघाले. त्यांना एवढेच सांगावेसे वाटते, की २०२२ च्या अंतिम सामन्यात हीनी आघाडीतच होता आणि सिडनी जीलाँगकडून ८१ गुणांनी हरले होते. मधून चेंडूच येईना तर आघाडीतल्याने काय करावे?

त्यानंतर लाँगमायर पायउतार झाले, डीन कॉक्स प्रशिक्षक झाले, आणि २०२५ च्या हंगामानंतर सिडनीने कार्लटनकडून चार्ली कर्नोला आणले. कर्नो म्हणजे २०२२ आणि २०२३ अशी लागोपाठ दोन कोलमन पदके मिळवलेला आघाडीपटू. त्याच्या बदल्यात विल हेवर्ड आणि ऑली फ्लोरेंट हे दोघे जमलेले खेळाडू आणि वर ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या पाळ्या मोजाव्या लागल्या. सौदा महाग होता. पण हीनीला मागे खेचून आघाडीचे भोक बुजवण्याऐवजी क्लबाने बाहेरून आघाडीपटू विकत घेतला, म्हणजे निदान या एका माणसापुरता तरी क्रम लक्षात ठेवला. हेच २०२१ च्या आसपास सुचले असते तर बरे झाले असते.

मे २०२६ मध्ये हीनी तिशीला पोचतो. मधल्या फळीत तिशीनंतर पाय जड होतात आणि प्रशिक्षक अशा खेळाडूंना हळूहळू पुन्हा गोलाकडे सरकवतात. गॅरी अॅब्लेट धाकटा असाच गेला. २००२ पासूनची पहिली काही वर्षे जीलाँगचा आघाडीतला चपळ पोरगा, मग मधल्या फळीत दोन ब्राउनलो पदके, एक जीलाँगकडून आणि एक गोल्ड कोस्टकडून, आणि २०१८ मध्ये जीलाँगला परतल्यावर पुन्हा बहुतांशी आघाडीत. त्याची सर्वोत्तम जागा कोणती, यावर तिकडे कोणी वाद घालत बसत नाही. हीनीच्या बाबतीत तो वाद अजून दोन-तीन वर्षे चालेल. कर्नोची तब्येत कशी राहते आणि वॉर्नर-गुल्डन मधला भार किती उचलतात, त्यावर तो केव्हा सुटायचा ते ठरेल.